पेटी कोणतीही घ्या, पण आधी आतली पुस्तके बघा

आमच्या गावच्या वाचनालयाला गेल्या दिवाळीत एका भूमिपुत्राकडून ५० हजार रुपयांची देणगी मिळाली. गाव सोडून पुण्यास स्थायिक झालेल्या या गृहस्थांनी ती आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ दिली आणि सोबत एकच अट घातली. ही रक्कम नव्या पद्धतीच्या वाचनासाठी खर्च व्हावी. पंखे, फरशी किंवा पत्र्याची कपाटे यांवर नव्हे. सीमाभागातील खेड्यातल्या वाचनालयास एकरकमी ५० हजार मिळणे ही काही रोजची गोष्ट नाही. आमची वर्षाची ग्रंथखरेदी याच्या निम्म्याचीही नसते. साहजिकच कार्यकारिणीची बैठक बोलावण्यात आली आणि साहजिकच बैठकीत दोन तट पडले.

तरुण सभासदांचे म्हणणे, टॅब्लेट घ्यावेत. पडदा मोठा, चित्रे रंगीत, शिवाय मुलांना अभ्यासालाही उपयोग. निवृत्त मंडळींचे म्हणणे, केवळ वाचनासाठी बनवलेले ई-रीडर घ्यावेत. त्यांत खेळ नाहीत, सिनेमे नाहीत, डोळ्यांना त्रास नाही. एकाने तर ठणकावून सांगितले, “सर, टॅब्लेट घेतला तर वाचनालयाचा सिनेमा टॉकीज होतो बघा.” त्यावर दुसरा उत्तरला, “आणि ई-रीडर घेतला तर मुलं फिरकतच नाहीत. मग कपाटातच ठेवायचा की!” किमतीवरून निकाल लावावा, तर तीही सोय नाही. दहा इंची साधा टॅब्लेट आणि सहा-सात इंची बरा ई-रीडर, दोन्ही आज साधारण दहा हजारांच्या पुढेच पडतात. शेवटी असे ठरले की, दोन्ही यंत्रे एकेक उसनी आणावीत, महिनाभर सभासदांना वापरू द्यावीत आणि मगच निर्णय घ्यावा. शिक्षक असल्यामुळे देखरेखीचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

त्या महिन्यात जे पाहिले ते इतर गावांच्या वाचनालयांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

दोन पडद्यांतील फरक

प्रथम यंत्रे समजून घेऊ. टॅब्लेटचा पडदा म्हणजे मोबाइलचाच थोरला भाऊ. त्याच्या पाठीमागून उजेड येतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांत शिरतो. ई-रीडरचे तसे नाही. त्याच्या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कुप्या असतात व त्यांत पांढरे आणि काळे कण असतात. विजेचा भार बदलला की कुठे पांढरे कण वर येतात, कुठे काळे, आणि अक्षर उमटते. एकदा कण जागेवर बसले की पान तसेच राहण्यासाठी वीज लागत नाही. पान उलटतानाच ती लागते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात हे तंत्र आकारास आले आणि २००७ साली ॲमेझॉन कंपनीचा किंडल निघाल्यावर ते जगभर पसरले.

या एका फरकातून बाकीचे सारे फरक निघतात. कागदाप्रमाणेच ई-रीडरचे पान बाहेरच्या उजेडाने दिसते, म्हणून ओसरीवर किंवा बांधावर भर उन्हातही ते वाचता येते. टॅब्लेट उन्हात नेला की त्यात आपलाच चेहरा दिसतो. रात्री वाचायचे तर ई-रीडरच्या कडेला बसवलेल्या बारीक दिव्यांचा उजेड पानावर पडतो. एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक आठवडे चालतो. टॅब्लेट सलग वापरला तर आठ-दहा तासांत मान टाकतो. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस गायब होणाऱ्या गावांत ही गोष्ट लहान नाही. वजनाचे म्हणाल तर ई-रीडर दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास, दहा इंची टॅब्लेट साधारण साडेचारशे ते पाचशे ग्रॅम. उशीला टेकून तासभर धरून बसले की हा फरक मनगटालाच समजतो.

निजण्यापूर्वी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बोस्टन येथील संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, झोपण्याआधी उजेड फेकणाऱ्या टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा उशिरा झोप लागल्याचे आढळले. हा प्रयोग अवघ्या बारा जणांवरचा होता, त्यामुळे त्यावरून मोठा सिद्धांत बांधू नये. परंतु रात्री मोबाइल पाहून झोप उडते हा अनुभव आता घरोघरचा आहे.

इथवर वाचून कोणीही म्हणेल की, ई-रीडरच घ्यावा. मलाही तसेच वाटले होते.

वाचकांनी दिलेला निकाल

पहिल्या आठवड्यात ई-रीडर आमच्या एका जुन्या वर्गणीदार आजींना दिला. वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. गेली तीन वर्षे त्यांनी पुस्तक नेणे सोडले होते. कारण विचारले तर “अक्षर लागत नाही हो” एवढेच म्हणायच्या. त्यांना साने गुरुजींची ‘श्यामची आई’ यंत्रात घालून दिली आणि अक्षर इतके मोठे केले की, एका पानावर जेमतेम सात-आठ ओळी मावत होत्या. नवव्या दिवशी त्या स्वतः यंत्र घेऊन वाचनालयात आल्या. “गुरुजी, संपली. दुसरी घाला.” तीन वर्षांनी आजींच्या नावापुढे नोंदवहीत नवी तारीख पडली.

दुसऱ्या आठवड्यात तोच ई-रीडर बैठकीत त्याची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या निवृत्त गृहस्थांकडे गेला. त्यांना जुन्या कादंबऱ्यांची गोडी. इंटरनेटवरून शंभर वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ प्रत उतरवून त्यांना घालून दिली. दोन दिवसांत यंत्र परत! “सर, ही अक्षरं आहेत का मुंग्या? मोठं करायला गेलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते.” त्यांचे बरोबर होते. चूक माझी होती.

तिसऱ्या आठवड्यात टॅब्लेट सातवीतील एका मुलाच्या घरी दिला. त्याचे वडील म्हणजे टॅब्लेटच्या बाजूचे आमचे तरुण सभासद. आठ दिवसांनी पाहिले तर यंत्रात घातलेल्या पाच पुस्तकांपैकी एकही उघडलेले नव्हते आणि महिन्याचा डेटा पॅक मात्र संपला होता. वडील खाली मान घालून म्हणाले, “सर, माझाच मुलगा आहे, काय बोलू?” पण पुढच्या शनिवारी तोच मुलगा वाचनालयातल्या टेबलाशी माझ्या शेजारी बसला. त्याच टॅब्लेटवर मराठी विश्वकोश उघडून ज्वालामुखीची नोंद आम्ही वाचली, मग भूकंपाची, मग तिथून कोयनेची. एक तास कसा गेला हे दोघांनाही कळले नाही.

म्हणजे दोन्ही बाजू जिंकल्या आणि दोन्ही हरल्या. यातून मला उमगले ते असे की, यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न आम्ही उलट्या टोकाने सोडवत होतो. आधी विचारायला हवे होते की, आम्हांला हवी असलेली मराठी पुस्तके आज कोणत्या रूपात मिळतात?

मराठी पुस्तकांची तीन रूपे

पहिले रूप म्हणजे वाहत्या मजकुराचे पुस्तक. त्याला ई-पब म्हणतात. यातील मजकूर भांड्यातल्या पाण्यासारखा असतो. अक्षर मोठे करा, ओळी आपोआप नव्याने बसतात. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके या रूपात मोफत उतरवून घेता येतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तके कोणासही छापता किंवा वाटता येतात. या रूपासाठी ई-रीडरला तोड नाही. आजींचे पुस्तक या प्रकारचे होते.

दुसरे रूप म्हणजे पानाचे छायाचित्र, अर्थात स्कॅन केलेली पीडीएफ. इथे अक्षर मोठे करायचे तर संपूर्ण पानच मोठे करावे लागते. मराठीत हा साठा फार मोठा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, तीही पीडीएफ रूपातच. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ. आपल्या मुलांना लागणारी कर्नाटकच्या अभ्यासक्रमाची मराठी माध्यमाची पुस्तके, तीही पीडीएफ. आता हिशेब पाहा. आपली बहुतेक मराठी पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा भरतो साधारण साडेतीन बाय पावणेपाच इंच. पानाच्या मुंग्या होणारच! उलट दहा इंची टॅब्लेट उभा धरला की पडदा जवळपास डेमी पानाएवढाच भरतो. जुने ग्रंथ, नकाशे, चित्रांची पुस्तके, पाठ्यपुस्तके यांसाठी टॅब्लेटच हवा.

तिसरे रूप म्हणजे दुकानातून विकत घेतलेले, कुलूपबंद पुस्तक. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके २०१६ च्या डिसेंबरात आली. बुकगंगासारख्या मराठी दुकानातील ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमधून वाचायची असतात. ते टॅब्लेटवर चालते, किंडलवर नाही. म्हणजे यंत्र निवडताना आपण नकळत दुकानही निवडत असतो.

आणखी एक बारीक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. यंत्र घेण्यापूर्वी त्यावर मराठी मजकुराची चार पाने स्वतः वाचून पाहावीत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र नीट उमटतो का, जोडाक्षरे फुटतात का, ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, हे पाहावे. नुकतेच वाचू लागलेले मूल अनोळखी वळणाच्या अक्षरापाशी अडखळते.

विकत घेतले म्हणजे आपले झाले?

वाचनालयाच्या दृष्टीने खरी मेख या कुलपात आहे. छापील पुस्तक विकत घेतले की ते वाचनालयाचे झाले. ते शंभर सभासदांना द्या, पुठ्ठा निघाला तर बांधून घ्या, कोणी विचारणार नाही. कुलूपबंद ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण विकत घेतो ते पुस्तक नव्हे, तर ते वाचण्याचा परवाना. तोही एका व्यक्तीच्या खात्यापुरता. गावभर वाटण्यासाठी तो नसतो.

ही केवळ कागदी भीती नाही. २००९ साली जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती विक्रेत्याकडे हक्क नसताना विकल्या गेल्याचे आढळले, तेव्हा ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, पुढे क्षमाही मागितली, पण वाचकाच्या घरातील पुस्तक दुरून काढून घेता येते हे जगाला दिसले. घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये घालण्याची सोय त्या कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आपण स्वतः मिळवलेल्या खुल्या फाइली मात्र आजही त्यात घालता येतात.

सीमाभागातील माणसाला हे अधिक समजावे. १९५६ च्या नोव्हेंबरात आपण न विचारता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कागदोपत्री असलेली गोष्ट आणि आपल्या ताब्यात असलेली गोष्ट यांतील फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून आमच्या वाचनालयाने तत्त्व म्हणून असे ठरवले की, देणगीच्या पैशांतून कुलूपबंद ई-पुस्तके घ्यायची नाहीत. यंत्रांत खुली पुस्तके भरायची. नवे पुस्तक हवे असेल तर ते छापील घ्यायचे.

आपली पुस्तके आपणच जपावीत

टॅब्लेटचा एक उपयोग आमच्या लक्षात शेवटी आला. त्याला कॅमेरा असतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा कितीतरी गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंड्या निघतात. त्या निमित्ताने काढलेल्या स्मरणिका, गावच्या कवींचे पदरमोड करून छापलेले संग्रह, शाळांच्या सुवर्णमहोत्सवाचे अंक हे सारे कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि कोणत्याही संकेतस्थळावर सापडत नाही. दोन-चार प्रती कुणाच्या तरी माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडलेल्या असतात. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यानंतर आपल्याच गावात जे लिहिले गेले, त्याची एक प्रत तरी धड आहे का? लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घेऊन ही पाने टॅब्लेटने टिपावीत आणि दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावीत. हे काम पुण्या-मुंबईचे कोणी येऊन करणार नाही.

आम्ही काय ठरवले

महिन्याअखेर पुन्हा बैठक झाली. या खेपेस तट पडले नाहीत, कारण प्रत्येकाला आपल्या बाजूचे उणे दिसून आले होते. ठराव असा झाला. दोन ई-रीडर घ्यावेत आणि ते पुस्तकाप्रमाणेच पंधरा दिवसांच्या बोलीने घरी द्यावेत. पहिला मान ज्यांना बारीक अक्षर लागत नाही अशा ज्येष्ठांचा, त्यानंतर घरी मराठी बोलणाऱ्या पण इंग्रजी वा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा. या मुलांना मराठी समजते, पण छापील पान पाहून ती बिचकतात. मोठे अक्षर आणि पानावर थोड्या ओळी असल्या की त्यांची भीड चेपते, हे मी वर्गात पाहिले आहे. एक दहा इंची टॅब्लेट घ्यावा, पण तो घरी देऊ नये. तो वाचनालयातील टेबलावर, मोठ्या माणसाच्या नजरेखाली राहील. विश्वकोशासाठी, पाठ्यपुस्तकांसाठी, जुन्या ग्रंथांसाठी आणि पाने टिपण्यासाठी. या तिन्ही यंत्रांना आवरणासकट साधारण ४० हजार लागतील. उरलेल्या १० हजारांची छापील पुस्तके घ्यावीत.

शेवटच्या कलमावर खजिनदार अडले. देणगीदारांची अट नव्या पद्धतीच्या वाचनाची होती. तेव्हा त्यांना फोन करून सर्व हकीकत सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “सर, आईला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आलो की पुस्तक घेऊन बसायची आणि म्हणायची, वाच. मी वाचायचो, ती भाकरी थापायची. तुम्ही तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. पण कुणीतरी कुणालातरी वाचून दाखवेल एवढं बघा.”

त्यावरून ठरावात आणखी एक ओळ वाढली. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात अर्धा तास मोठ्याने वाचन. यंत्रावरून की कागदावरून, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

पेटी आणि पुस्तके

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या शहरांत बडोद्याचे नाव मोठे आहे. तेथील सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. ज्या खेड्यांत वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली जात. वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. टॅब्लेट काय किंवा ई-रीडर काय, त्या लाकडी पेटीचेच आजचे रूप आहे. पेटी शिसवी आहे की सागवानी, यावर गावाने किती दिवस वाद घालायचा? तिच्यात कोणती पुस्तके आहेत, तिची किल्ली कोणाकडे आहे आणि ती उघडून वाचायला कोण बसणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण गावोगाव पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण भाषा दर्जावर जगत नाही, वाचणाऱ्यावर जगते. आमच्या नोंदवहीत या महिन्यात ज्येष्ठांची अकरा आणि मुलांची सहा नवी नावे चढली आहेत. आकडा लहान आहे. मात्र आजींनी तिसरे पुस्तक नेले आहे, आणि शनिवारच्या वाचनाला त्या पहिल्या बाकावर बसतात. गेल्या शनिवारी वाचणारा होता सातवीतला तोच मुलगा. त्याने वाचनासाठी निवडले होते छापील पुस्तक.